जूनची रेघ

"न बोलता, आपापल्या जन्मतारखेप्रमाणे एका ओळीत उभे राहा," असे सांगून सईने शिट्टी वाजवली, आणि मिनिटभरातच बावीसपैकी अकरा विद्यार्थी एकाच ठिकाणी गोळा झाले.

हरसूलच्या अलीकडील शाळेच्या मैदानावर फक्कीने बारा रेघा आखलेल्या होत्या, प्रत्येक महिन्याची एक. जानेवारीच्या रेघेवर दोघे होते, फेब्रुवारीच्या रेघेवर मयूर एकटाच होता. जूनच्या रेघेवर मात्र पाय ठेवण्यास जागा उरली नव्हती.

सईने हातातील यादी पाहिली. एक जून. एक जून. पुन्हा एक जून. नाशिकच्या महाविद्यालयाने तिच्या एकटीवर सोपवलेले हे पहिलेच शिबिर होते. पुढील वर्षभराच्या शिबिरांचे काम तिला देण्याचे पत्र विभागप्रमुख गंगाधर सरांच्या पिशवीत होते, आणि सर जांभळीखाली खुर्ची टाकून सर्व पाहत होते.

"तुम्ही माझी थट्टा करत आहात का?" तिने विचारले.

"मॅडम, यांचा सामुदायिक वाढदिवस असतो," मयूर म्हणाला. "केक ट्रॅक्टरमधून येतो."

"तू आण की एकदा. खायचं आमच्याकडं लागलं," भिका म्हणाला. तो पेठकडचा, वसतिगृहात राहणारा मुलगा होता. मग तो सईकडे वळला. "थट्टा नाय, मॅडम. ही तारीख शाळेची हाय. नाव घालताना गुरुजींनी टाकली. आमची समद्यांची तीच."

"मग खऱ्या तारखेप्रमाणे उभे राहा."

"खरी कोणाला ठावं?"

पुण्याच्या प्रशिक्षणात या खेळातील अडचणी सईला शिकवलेल्या होत्या. कोणी बोलले तर काय करावे, कोणी रुसून बसले तर काय करावे, हे तिला पाठ होते. ही अडचण त्यांत नव्हती.

"आई काहीतरी सांगत असेलच ना?" ती शेवटी म्हणाली.

"आई तारीख नाय सांगत," भिकाच्या शेजारची सविता म्हणाली. "कोणतं काम चाललं व्हतं, ते सांगते."

"चालेल. तसे उभे राहा. पण बोलायचे नाही."

शिट्टी वाजली. सविता कमरेत वाकली आणि भाताची रोपे चिखलात खोचत एकेक पाऊल मागे सरकू लागली. तेथे चिखल नव्हता, रोपेही नव्हती. जुलैच्या रेघेवर पोहोचल्यावर ती थांबली. दत्तूने जमिनीवरून मोहाची फुले वेचली आणि तो मार्चवर गेला. एकाने नाचणीची कणसे कापली. भिकाने डाव्या हाताने वरचा द्राक्षांचा घड धरला, उजव्या हाताने त्याचा देठ कातरला, आणि तो पायाशी अलगद ठेवला. त्याची आई बागेत मजुरीला गेलेली असताना तो जन्मला होता.

मयूर गोंधळला. फेब्रुवारीची रेघ आता दोघांची झाली होती. पुढे कोणी उभे राहावे? त्याने बोटांनी चौदा दाखवले. भिकाने वेलीवर दोन्ही हात फिरवून घडच घड असल्याचे दाखवले, आणि खाली वाकून क्रेट उलटा केला. तो रिकामा होता. तोडणी नुकतीच सुरू झाली होती. मयूरने थोडा विचार केला आणि मुकाट्याने भिकाच्या मागे जाऊन उभा राहिला.

जूनच्या रेघेवर चांगुणा एकटी उरली. तिचे हात नुसतेच लोंबत होते.

"तुझे काय?" सईने हळू आवाजात विचारले.

"मला सांगणारं कोणी नाय, मॅडम. मी हितंच बरी."

गंगाधर सर यादी घेऊन उठले. ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते सावकाश चालत गेले. त्यांचे पेन दहा वेळा कागदावर टेकले.

"दहा चुका," ते म्हणाले. "तीनच्या वर चुका गेल्या, की खेळ साधला असे लिहिता येत नाही."

"सर, त्या चुका नाहीत. ही यादीच..."

"यादी दाखल्यांवरून केली आहे, बाळ. मी या भागात अकरा वर्षे शिक्षक होतो. अशा तारखा मी माझ्या हाताने टाकलेल्या आहेत. मला कळत नाही असे समजू नकोस. पण वरती यादी पाठवायची असते. हातवारे कसे पाठवू?"

ते चांगुणापाशी येऊन थांबले.

"ही बघ, बरोबर उभी आहे. त्या दहा जणांना हिच्या शेजारी आण. मी पत्र देतो."

हे कोणाविषयी म्हटले, ते पाहण्यासाठी चांगुणाने मागे वळून पाहिले. मागे कोणीच नव्हते.

सरांनी पिशवीतून लिफाफा काढला. सईने शिट्टी ओठांशी नेली आणि ती तशीच धरून राहिली. तिला पत्र हवे होते. समोर सविता अजून वाकलेलीच होती.

शिट्टी वाजली नाही. तरीही सविता सरळ झाली. तिने आपले कोरडे हात ओढणीला पुसले आणि ती चालू लागली. तिच्यामागून दत्तू निघाला, भिका निघाला.

"अरे, थांब की," मयूर म्हणाला. भिका थांबला नाही.

दहाही जण जूनच्या रेघेजवळ आले. चांगुणा किंचित बाजूला सरकली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच हसून तिने त्यांना जागा करून दिली.