साहेबांची बेल

टेबलावरची पितळी बेल टण्णकन वाजली, तसे केरबा सोफ्यावरून ताडकन उठले आणि हात बांधून उभे राहिले. "जी, साहेब!"

वास्तुशांतीला आलेले पाहुणे खो खो हसले. कंपनी बुडाली, तिच्या दगडी इमारतीत फ्लॅट झाले आणि मोठ्या साहेबांची केबिन केरबांच्या मुलाने घेतली. शोभेला साहेबांची बेलही ठेवली. याच बेलवर केरबांनी इथे उभा जन्म शिपाईगिरी केली होती.

बेल वाजवणारा पाहुणा म्हणाला, "काका, नक्कल झकास! तुमची केबिन कुठली होती हो?"

केरबा तोंड उघडणार, तोच मुलगा म्हणाला, "हीच की! बाबा मॅनेजर होते ना."

केरबा दाराबाहेर आले. जरा आपल्या जागेवर टेकावं म्हटलं, तर त्यांचं स्टूल असायचं तिथे पाहुण्यांच्या चपलांचा ढीग पडला होता.