उष्टावणाचं ताट

मनस्वीच्या उष्टावणाला ताटात सोन्याची चेन, पेन आणि पोथी मांडली होती. बाळ जे उचलेल, तशी त्याची पुढची वाट, असं सगळे मानत. गव्हाण गावची जमीन विकून पनवेलात बंगला बांधल्यापासून घरात सोन्याशिवाय दुसरा विषय नव्हता, म्हणून प्राचीचा जीव टांगणीला लागला होता. तिने पोथी हळूच लेकीजवळ सरकवली. “आमाला दिसत नाय का गो?” म्हणत सासूबाईंनी चेनही पुढे ढकलली. मनस्वी रांगत आली. तिने चेन उचलली नि बाजूला टाकली, मग पोथी, मग पेन. ताट रिकामं झाल्यावर दोन्ही हातांनी ते बडवत खिदळू लागली. “आता हिचं काय समजायचं?” प्राचीने सासऱ्यांना विचारलं. ते ताटाचा आवाज कान देऊन ऐकत होते. “भरलेलं ताट असं वाजत नाय, सूनबाय.” पोथी परत ताटात ठेवायला निघालेला हात प्राचीने मागे घेतला.