शनिवारचं ताक

दस्तगीर वस्ताद नव्या तालमीच्या दारातून आत आले आणि सवयीनं माती कपाळाला लावायला वाकले. बोटांना गार, गुळगुळीत फरशी लागली. ते थोडा वेळ तसेच वाकून राहिले. साठी उलटली की वाकायला आणि उठायला वेळ लागतोच, त्यामुळं मागं उभ्या असलेल्या हरिचंद शेठना त्यात काही वावगं दिसलं नाही.

"शहाबादी हाय," शेठ कौतुकानं म्हणाले. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कसं वाटून राहिलं, वस्ताद?"

वस्ताद दिवाळीनंतर गावोगाव कापूस पिंजायला गेले होते, ते कालच आखाडा बाळापुरात परतले. जाताना इथं कुडाचं छप्पर होतं आणि छपराखाली लाल मातीचा हौदा. आता पक्क्या भिंती होत्या, मंगलोरी कौलं होती. एका बाजूला वर्तमानपत्र वाचायला बाकं, दुसऱ्या बाजूला डबलबार. दारावर रामकिशनचं नाव कोरलेलं होतं. रामकिशन शेठचा धाकटा भाऊ, वस्तादांचा पठ्ठ्या, दोन वर्षांमागं पटकीनं गेला. त्याच्या नावानं शेठनं हे सगळं पदरचं घालून उभं केलं होतं, परवानगीसाठी सहा महिने कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. गावच्या पोरांसाठी एवढं आजवर कुणी केलं नव्हतं. वस्तादांना ते ठाऊक होतं, म्हणूनच बोलणं जड जात होतं.

"हौदा कुठंय, शेठ?"

"हौदा कशाला आता? पोरं मातीत लोळतात अन् आया कपडे धुऊन मरतात. बार धरा, जोर काढा, पेपर वाचा. हैदराबादला असंच असतंय, मी बघून आलो."

"अन् माती?"

"वाया न्हाई घालवली. भराव कमी पडत होता, सगळी फरशीखाली दाबली."

शेठ उभ्या जन्मात हौद्यात उतरले नव्हते. आठ वर्षांचा रामकिशन कुस्ती खेळायला लागला तेव्हा ते दुकानावर बसत होते. डोंगरकड्याच्या माळावरून बैलगाडीनं आणलेली ती माती वस्तादांनी वीस वर्षं तेल, हळद घालून मऊ केली होती. त्यांना राग आला. पण राग करायलाही अंगात दम लागतो, आणि चार महिने कापूस पिंजायची धनुकली ओढून दंड आधीच भरून आले होते.

"काहून गप झाले?" शेठनं विचारलं.

"आज शनिवार हाय."

"व्हय, मुद्दामच धरला. घटकाभरात तहसीलदारसाहेब उद्घाटनाला येतील."

"बाई ताक घेऊन येतील."

"आईला सांगितलंय मी. पोरांना आज बासुंदी हाय, ताक नको म्हणून."

वस्तादांनी पहिल्यांदाच शेठकडं नीट पाहिलं. एवढ्या वर्षांत या माणसाला हे माहीतच नव्हतं.

"ते ताक पोरांसाठी नसतंय, शेठ. मातीसाठी असतंय. ताकाबिगर माती मऊ राहत न्हाई. रामकिशन होता तवर बाई त्याच्या हाती धाडायच्या. तो गेल्यापासून स्वतः येतात अन् आपल्या हातानं ओततात."

शेठचा हात खांद्यावरच्या उपरण्यावर गेला आणि तिथंच राहिला. बांधकामाची धूळ सोसायची नाही म्हणून त्यांनी आईला लेकीकडं हिंगोलीला ठेवलं होतं. ती रात्रीच परतली होती.

"तुमी सांगा तिला," ते हळूच म्हणाले. "तुमचं ऐकंल."

पण रुख्मिणीबाई दारात आल्याच. हातात पितळी चरवी, चरवीच्या तोंडाला फडकं बांधलेलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, उंबऱ्याला हात लावला आणि आत येऊन उभ्या राहिल्या. भिंती पाहिल्या, बाकं पाहिली, मग खाली पाहिलं.

"आई, दारावर रामकिशनचं नाव..."

"बघितलं. चांगलं केलंस, बाबा." त्या वस्तादांकडं वळल्या. "लई शनिवार राहिले, वस्ताद. कुठं ओतू?"

शेठनं वस्तादांकडं पाहिलं. आज घरी न्या बाई, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. वस्तादांना ते म्हणवेना. ते डबलबारच्या कडेनं पुढं गेले, उत्तरेच्या भिंतीजवळ थांबले आणि पायानं नाही, हातानं जागा दाखवली.

"हितं. त्याचा कोपरा हाच."

रुख्मिणीबाई खाली बसल्या. फडकं सोडून त्यांनी चरवी हळूहळू रिती केली, थेंब न् थेंब निथळू दिला. ताक फरशीवर पसरलं, सांध्यांवरून पुढं गेलं, डबलबारच्या पायांना वळसा घालून शेठच्या बुटांपर्यंत आलं. शेठनं पाय मागं घेतला नाही. कुणाला पुसायलाही बोलावलं नाही.

"आई, उठ," ते कसंबसं म्हणाले. "लोक येतील."

बाहेर तहसीलदारांच्या स्वागताची हलगी वाजू लागली. रुख्मिणीबाईंनी रिकामी चरवी मांडीवर घेतली.

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "आधी हे जिरू दे."