वाटीतला लाल डाग

चांदीच्या वाटीत पुन्हा तोच लाल डाग दिसला आणि धनसुखभाईंनी त्या अनोळखी फोटोग्राफरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भर दुपार होती. राजकोटच्या सोनी बाजारातली माणसं दुकानं बंद करून घरोघरी आडवी झाली होती. हे मात्र आपली झोप मोडून, संगणकापुढे बसून दुसऱ्याची घाण काढत होते. भूपतभाईंना घाई होती. त्यांच्या पेढीच्या वाट्या, लोटे, पेले संध्याकाळी ऑनलाइन विक्रीला लागायचे होते. या वेळी फोटो त्यांनी नेहमीच्या धनसुखभाईंना सोडून बाहेर कुणाकडून तरी काढून घेतले होते आणि साफसफाईला तेवढे इकडे पाठवले होते. कुणी काढले, ते भूपतभाईंनी सांगितलं नाही. धनसुखभाई रुसले होते, त्यांनी विचारलं नाही.

चांदीचा फोटो काढणं म्हणजे आरशाचा फोटो काढणं. समोर उभं राहील ते तीत उमटतं. म्हणून धनसुखभाई वस्तू पांढऱ्या कापडाच्या छोट्याशा तंबूत ठेवत, दिवे कापडाच्या बाहेर लावत आणि कॅमेऱ्याचं भिंग तेवढं फटीतून आत सरकवत. चांदी दिसावी, काढणारा दिसू नये, हा त्यांचा कायदा. त्यांची मुलगी झंखना हे सगळं याच खोलीत शिकली. एकदा तिच्या ओढणीचं टोक एका लोट्यात उमटलं, तर त्यांनी तिला गिऱ्हाइकासमोर रडवलं होतं. "तू दिसतेस. बाजूला हो," एवढंच म्हणाले होते.

पुढे ती खरंच बाजूला झाली. आपल्या मनाने लग्न केलं, तेही जातीबाहेर, आणि जामनगरला गेली. धनसुखभाईंनी तोंड फिरवलं. राग केव्हाच विरला होता. उरला होता तो नुसता हेका. उन्हाळ्यात तिला मुलगी झाल्याचं कळलं तेव्हा त्यांच्या बायकोने, निरुबेननी, मोबाईल त्यांच्या ताटाजवळ धरला. एकदा बघा तरी, म्हणाल्या. धनसुखभाईंनी ताटातून नजर वर केली नाही, आणि मग रात्रभर कूस बदलत राहिले. नातीला बघायचं होतं हो त्यांना. पण आपण होऊन 'दाखव' म्हणायला जीभ रेटत नव्हती, आणि निरुबेनना पुन्हा मोबाईल पुढे करायची हिंमत होत नव्हती.

त्यांनी पुढचा फोटो उघडला आणि इतका मोठा केला की पडद्यावर वाटीचा एक कोपराच उरला. त्यांची रीतच ही होती. अख्खा फोटो बघत बसलं तर हात चालत नाही. डागापुरतं बघायचं, शेजारची चांदी उचलून त्यावर फिरवायची, पुढे सरकायचं. लाल गेला, तर त्याला चिकटून एक पिवळा ठिपका निघाला. तोही पुसला. लोट्यात पुन्हा लाल, पुन्हा पिवळा. पेल्यातही तेच.

नवल एकाच गोष्टीचं वाटत होतं. उजेड सुरेख होता, दुधासारखा. वाटीच्या काठाला धार यावी म्हणून आत उभी करायची काळी पट्टी हवी तिथेच होती, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. ज्याला एवढं कळतं त्याने तंबूचा पुढचा पडदा उघडा टाकून, लाल कपडे घालून समोर उभं राहावं? झंखनानं शिकाऊ असतानासुद्धा असलं गबाळं काम केलं नसतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि तिची आठवण आली तशी त्यांनी घाईने पुढची वाटी उघडली. या शेवटच्या वाटीत लाल रंग निखाऱ्यासारखा उजळला होता. क्षणभर वाटलं, राहू द्यावा, शोभतोय. पण हाताला सवय होती. हाताने तोही पुसला.

फोटो पाठवले, आणि ते जरा पाठ टेकणार तोच भूपतभाईंचा फोन आला. आवाजात लग्नघरातला उत्साह होता. "मग, धनसुखभाई? बघितलंत ना?"

बघितलं की, धनसुखभाई म्हणाले, आणि त्यांनी त्या फोटोग्राफरची यथेच्छ हजेरी घेतली. समोर उभं राहून फोटो काढतो म्हणजे काय, एकेक वाटी खरवडून साफ करावी लागली, वगैरे.

मग भूपतभाई हळू आवाजात म्हणाले, "पहिला फोटो उघडा. आलेला, पुसायच्या आधीचा. मोठा करू नका. आहे तसा बघा."

धनसुखभाईंनी उघडला. वाटीच्या पोटात लाल बांधणीची साडी नेसून झंखना उभी होती. तिच्या कडेवर पिवळ्या झबल्यातलं बाळ होतं आणि त्याने वाटीकडे हात पसरला होता.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कसंबसं विचारलं, साफ केलेले फोटो तुम्ही कुणाला दाखवलेत का.

"तिलाच पाठवले, न उघडताच. तसं ठरलं होतं. मला शपथ घातली होती हो तिने, आधी बोलायचं नाही म्हणून. म्हणाली, पप्पा मोबाईलमधला फोटो बघणार नाहीत, पण चांदी बघितल्याशिवाय राहणार नाहीत. एका जरी वाटीत त्यांनी आम्हाला राहू दिलं, तर सातम-आठमच्या सणाला बाळाला घेऊन घरी येते."

"मग? बघून काय म्हणाली?"

बोलता बोलताच तिचा निरोप आला होता. भूपतभाई म्हणाले, "म्हणाली, पप्पांचा हात अजून तसाच आहे. एक डाग म्हणून ठेवत नाहीत."