फोनची बोणी

छोट्या दुकानदारांना फोनवरच कार्डाचे पैसे घेता यावेत म्हणून तन्मयने ॲप बनवलं होतं. पण चेन्नईत मैलापूरच्या म्हाताऱ्या सेतुमाधवांच्या बाहुल्यांच्या दुकानात रोज सकाळी एकाच बाईच्या कार्डावरून एकच रुपया येई. तन्मयच्या मनात पाल चुकचुकली. चोरलेलं कार्ड चालतंय का, हे चोर असंच चाचपून बघतात! त्याने ते कार्ड रोखलं आणि म्हाताऱ्याला रंगेहाथ पकडायला पेरुंगुडीच्या ऑफिसातून तडक दुकान गाठलं. घरोघरी बाहुल्या मांडायच्या ऐन नवरात्राच्या गर्दीत सेतुमाधव कार्डवाल्या गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवत होते. शेजारी त्यांची बायको कार्ड हातात धरून ताटकळत बसली होती.



"काय सांगू बाळा, गल्ल्याची बोणी रोजच्यासारखी हिच्या हातच्या पहिल्या रुपयाने झाली," सेतुमाधव कळवळले, "फोनची तेवढी सकाळपासून अडलीय!"