दुपारची चौकट

"मावशी, अनोळखी प्रोग्रॅमनं चालू व्हायची परवानगी मागितली, तर सरळ 'नाही' दाब. दया दाखवलीस की कॉम्प्युटर गेलाच म्हणून समज," संरक्षक प्रोग्रॅम बसवून भाचा हसत म्हणाला आणि निघून गेला.

दुपारी पडद्यावर चौकट उमटली: 'चालू होऊ?' त्याच क्षणी रिकाम्या स्वयंपाकघरात पावलं वाजली. मावशीनं 'नाही' दाबलं. पावलं थांबली.

जन्मभर विज्ञान शिकवलेल्या मावशीनं दुसऱ्या दिवशी इंटरनेटची वायरच उपटली. तरी चौकट आली, पावलंही आली. 'नाही.' घर इतकं चिडीचूप झालं की तिला स्वतःचा श्वास ऐकू आला.

महिना गेला. भाच्याचा फोन आला नाही. चौकट मात्र एकही दुपार चुकवत नव्हती.

आज तिचं बोट बराच वेळ रेंगाळलं. मग तिनं 'हो' दाबलं.

स्वयंपाकघरात कुणीतरी फडताळातून कप काढला. जरा थांबून, दुसराही.