गप्प बसणारी पेटी

मस्तगडातल्या अलार्म कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये, पडद्यावरचा अंतरवाली सराटीचा हिरवा ठिपका पुन्हा राखाडी झाला आणि सुग्रीव मनातल्या मनात हसला.

गावोगावच्या अलार्मच्या पेट्या थोड्याथोड्या वेळानं ‘मी आहे’ अशी हजेरी देत. हजेरी चुकली की ठिपका विझे. मग आधी फोन. फोन उचलला नाही, तर माणूस. ही पेटी सुग्रीवच्या सासऱ्याच्या, रायभानच्या कापसाच्या खोलीतली. सुग्रीवच्या बायकोनं, छकुलीनं, हट्टानं बसवून घेतलेली.

जावई-सासऱ्याचं बोलणं उन्हाळ्यातल्या धोंड्याच्या महिन्यापासून बंद. धोंड्याच्या जेवणाचं आवतण घरी येऊन द्यायचं, तर रायभाननं ते फोनवर उरकलं. सुग्रीवनं त्या अपमानाचं खातं अजून मिटवलं नव्हतं. बिनमानाचं सासुरवाडीला जायचं न्हाई म्हणजे न्हाई. कंपनीचा माणूस म्हणून गेलं, तर गोष्ट वेगळी.

म्हातारा घरात एकटा. वायर काढतो अन् वाट बघतो, हे सुग्रीवनं केव्हाच ताडलं होतं. झुकतंय कोण, तर सासरा. हिशोब बराबर होता.

त्यानं नियमाप्रमाणे फोन लावला. कुणी उचलला नाही. त्यानं गाडी काढली.

दुपार पेंगत होती. दोन्ही अंगांना कपाशी फुटलेली, जणू ढग रानात उतरून निजले होते. गाडी जागीच उभी आहे आणि रस्ताच खालून सरकतोय, असं त्याला वाटत राहिलं. अंतरवाली कधी आली, कळलं नाही.

रायभाननं पेटीकडे बोट केलं आणि ताट वाढलं. गरम भाकर, पिठलं, ठेचा. दर खेपेला असंच होई. सुग्रीव वायर उगाच हलवी, दोघं मुक्यानं जेवत, आणि हात धुईस्तोवर पेटीचा दिवा आपोआप लागे.

आज मात्र म्हातारा स्वतःच्या ताटातली भाकर हळूच त्याच्या ताटात सरकवताना त्याला दिसला. मनातलं खातं त्यानं तिथंच मिटवलं.

"मामा," तो हळूच म्हणाला, "वायर काढत जाऊ नका. नुसतं ये म्हणा. मी येतो."

रायभानचा घास हातातच राहिला.

"मी कशाला काढू? मी तर हात बी लावत न्हाई त्याला. मला वाटलं, तुम्हीच तिकडून बंद करून राह्यले, यायला निमित्त पाहिजे म्हणून. म्हणून तर फोन उचलत न्हाई मी. बिघाड न्हाई म्हणलं, तर येताल कशाला तुम्ही?"

दोघांनी पेटीकडे पाहिलं. ती गप्प होती.

तेवढ्यात रायभानचा मोबाईल वाजला. कमी ऐकू येतं म्हणून त्यानं नेहमीसारखा स्पीकर लावला.

"आबा," पलीकडून छकुली विचारत होती, "जेवले का दोघंबी? मोबाईलवरून मीच बंद केली व्हती पेटी. मंग करू का चालू?"